नवं खेळणं तासाभरात फाडणारं पिल्लू: अडचण नेमकी कुठे आहे ते कसं शोधायचं

तक्रार साधारण सारखीच असते. पिल्लू तीन ते नऊ महिन्यांचं, बहुतेकदा लॅब्राडोर किंवा तितकंच दणकट गावठी. खेळणं घरात आलं की संध्याकाळपर्यंत त्याची शिट्टी बाहेर आणि कापूस दिवाणाखाली. मग दुकानदाराला "अजून मजबूत काहीतरी द्या" सांगून दगडासारखं कडक काहीतरी आणलं जातं. पिल्लू ते हुंगतं, दोनदा चाटतं आणि पुन्हा टीपॉयच्या पायाकडे वळतं. आठवड्याने परत दुकान.

रस्त्यावरची पिल्लं घर मिळेपर्यंत माझ्याकडे असतात आणि त्यांना घेऊन गेलेल्या लोकांचे फोन नंतरही येत राहतात. चावण्याचा विषय त्यात कायम असतो. माझं ठाम मत आहे की "न तुटणारं खेळणं" शोधू नये. जे दातांना अजिबात दाद देत नाही, ते दातच तोडतं. खेळणं असं हवं की ते तुमच्या पिल्लाच्या चावण्याच्या पद्धतीला पुरेल आणि तुटलंच तर त्यातून गिळता येईल असा तुकडा निघणार नाही. हे ठरवायला खेळण्याच्या पाकिटापेक्षा पिल्लाकडे जास्त बघावं लागतं.

सगळ्यात आधी: तुकडा पोटात गेलाय का?

नवीन काही विकत घेण्याआधी जुन्या खेळण्याचे तुकडे गोळा करा आणि जमिनीवर जुळवून बघा. काय कमी आहे? शिट्टी? डोळ्याचं बटण? दोरीचा गोंडा?

रबराचे दाण्याएवढे कण बहुतेक वेळा शीतून निघून जातात. पण पुन्हा पुन्हा उलटी होणं, खाणं टाकणं, शी करताना कुंथूनही काही न येणं, पोटाला हात लावू न देणं, किंवा पुढचे पाय पसरून छाती जमिनीला आणि मागचा भाग वर अशा अवस्थेत थांबणं, यातलं काहीही दिसलं तर उद्यावर ढकलू नका. डॉक्टरकडे जाताना उरलेलं खेळणं सोबत न्या. रबर आणि कापड साध्या एक्स-रेमध्ये दिसेलच असं नाही. किती भाग गायब आहे आणि तो कशाचा आहे हे डॉक्टरांना उरलेल्या तुकड्यावरून कळतं, आणि सोनोग्राफी करायची की नाही हे लवकर ठरतं. मिठाचं पाणी पाजून घरी उलटी काढू नका. रक्तातलं मीठ वाढून नवीनच संकट उभं राहतं.

दोऱ्याचा धोका सगळ्यात मोठा, म्हणून तो वेगळा सांगते. दोरीच्या खेळण्यातला एखादा लांब धागा गिळला गेला की त्याचं एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठरात अडकतं आणि बाकीचा धागा आतड्यात पुढे ओढला जातो. पायजम्याच्या नाडीवर कापड चुणीचुणीने गोळा होतं, तसं आतडं त्या धाग्यावर गोळा होतं आणि ताणलेला धागा त्याला आतून कापतो. त्यामुळे तोंडातून किंवा शीच्या जागेतून धागा लोंबताना दिसला तर तो ओढायचा नाही. लोंबतोय तसा राहू द्या आणि थेट दवाखाना गाठा.

रिमोटचा किंवा घड्याळाचा बटणासारखा सेल गिळला असेल, तर उलटीची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा. तो अन्ननलिका काही तासांत जाळू शकतो.

वय विचारात घेतलंय का?

पिल्लाला दुधाचे २८ दात असतात आणि मोठ्या कुत्र्याला ४२. साधारण साडेतीन-चार महिन्यांचं झालं की पुढचे दात पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत सगळे पक्के दात आलेले असतात. त्यामुळे एकाच पिल्लाच्या पहिल्या वर्षात खेळण्यांच्या गरजेचे तीन टप्पे असतात, आणि बरीच खेळणी "टिकत नाहीत" त्याचं कारण एवढंच असतं की ती आधीच्या टप्प्याची असतात.

चार महिन्यांपर्यंत दात सुईसारखे टोकदार पण नाजूक. मऊ रबर, ओलं फडकं, एवढ्यावर भागतं. चार ते सात महिने हिरड्या ठणकतात, खाजतात. खेळण्यावर रक्ताचा थोडा डाग दिसला किंवा तांदळाएवढा दात जमिनीवर सापडला तर घाबरायचं कारण नाही. या काळात थंड वस्तू सगळ्यात उपयोगी. सात-आठ महिन्यांनंतर जबड्यात खरी ताकद येते. तीन महिन्यांचं असताना घेतलेलं गुलाबी मऊ रबरी खेळणं धड दिसत असलं तरी आता त्याचा लचका निघू शकतो. ते काढून टाकायचं.

एक गोष्ट जाता जाता तपासा: ओठ वर करून सुळ्यांकडे बघा. पक्का सुळा आला आणि दुधाचाही शेजारीच उभा आहे, असं दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. पॉमेरेनियन, शिह त्झू अशा लहान जातींत हे बरंच आढळतं.

पिल्लू खेळणं मोडतं तरी कसं?

इथे वेळ द्या. पिल्लाला खेळणं देऊन फोन बाजूला ठेवा आणि दहा मिनिटं नुसतं बघत बसा.

काही पिल्लं खेळणं पुढच्या दोन पंज्यांत धरतात, मान वाकडी करतात आणि बाजूच्या दाढांखाली एकच जागा घोळवत राहतात. डोळे अर्धे मिटलेले असतात. हे कुरतडणारं पिल्लू. त्याला जाड भिंतीचं, पोकळ, नैसर्गिक रबराचं खेळणं महिनोन् महिने पुरतं. नायलॉनची खेळणीही चालतात, पण ती वारंवार हातात घेऊन बघावी लागतात. कडेला बारीक कुसळं उभी राहतात तोवर ठीक. ती कुसळं बोचायला लागली, किंवा टोकाचा मोठा टवका निघाला, की ते खेळणं संपलं.

काहींचा सगळा रस फाडण्यात असतो. पंज्याने दाबायचं, पुढच्या दातांनी शिवण पकडायची आणि झटका द्यायचा. शिट्टीचा आवाज बंद पडेपर्यंत ते थांबत नाहीत, कारण शिकारीची ती सहज प्रेरणा आहे. अशा पिल्लाला कापूस भरलेली खेळणी देणं बंद करा, पण फाडायचं सुखही हिरावून घेऊ नका. पुठ्ठ्याचा खोका द्या, स्टेपलच्या पिना आणि चिकटपट्टी काढून. आत चार दाणे खाऊ टाका. ते खोक्याचा भुगा करील, तुकडे थुंकील, आणि तुमच्या उशा वाचतील. अट एकच: त्याने तुकडे थुंकले पाहिजेत.

कारण तिसरा प्रकार गिळणाऱ्यांचा, आणि काळजी करायची ती त्यांचीच. ही पिल्लं फाडण्यात वेळ घालवत नाहीत. तुकडा निघाला की डोकं वर करून गिळून मोकळी. तुम्ही जवळ जाताना दिसलात तर आणखी घाईने गिळतात. तुमचं पिल्लू असं असेल तर कापड, दोरी, पुठ्ठा, फोम, लेटेक्स सगळं बाद. पोकळ रबरात भरलेलं खाणं आणि तुमच्या हातात धरलेलं खेळणं, एवढंच. मोजे आणि लहान मुलांची झबली वाळत घालायची दोरीसुद्धा उंच बांधा.

दोरीचं खेळणं पूर्ण वाईट आहे असं मी म्हणणार नाही. ओढाओढीच्या खेळाला त्यासारखं दुसरं काही नाही. एक टोक तुमच्या हातात असलं पाहिजे आणि खेळ संपला की दोरी कपाटात गेली पाहिजे. पिल्लाजवळ दोरी ठेवून स्वयंपाकघरात जायचं नाही.

कडकपणा: नखाची परीक्षा

दुकानात, पैसे देण्याआधी, अंगठ्याचं नख खेळण्यात रुतवून बघा. किंचित खूण उमटली, किंवा हाताने दाबून थोडं वाकलं, तर ठीक. काहीच झालं नाही तर आपल्याच गुडघ्याच्या वाटीवर ते हलकेच आपटा. लागलं? मग पिल्लाच्या दातालाही ते जड जाईल.

यात नापास होणाऱ्या वस्तू दुकानात भरपूर दिसतात: सांबर-हरणाच्या शिंगासारखे तुकडे, जनावराचे खूर, अगदी कडक नायलॉन, वाळवलेली हाडं. वरच्या जबड्यातली मोठी दाढ, म्हणजे पुढच्या दाढांपैकी चौथी, अशा वस्तूंवर जोर दिला की तिचा पापुद्रा उभा चिरतो. कुत्रं खाणं सोडत नाही, फक्त एका बाजूने चावायला लागतं, आणि डोळ्याखाली सूज येईपर्यंत घरात कोणाच्या लक्षात येत नाही. दुधाचा दात तुटला तरी "पडणारच होता" म्हणून सोडून देऊ नका. उघड्या मुळातून संसर्ग आत जाऊन खालच्या पक्क्या दाताला इजा होते.

छुर्पीबद्दल बरेच विचारतात. नेपाळ, सिक्कीम, दार्जिलिंगकडे लोक स्वतः चघळतात ते हे वाळवलेलं चीज. त्यात भेसळ नसेल तर पदार्थ चांगला आहे, पण कडकपणात तो नखाच्या परीक्षेत सरळ नापास होतो. दात पक्के होईपर्यंत मी देत नाही. त्यानंतर दिलं तरी शेवटचा घासाएवढा तुकडा काढून घ्यायचा. तो मायक्रोवेव्हमध्ये थोडा वेळ ठेवला की फुलून कुरकुरीत होतो आणि मग देता येतो.

रविवारच्या मटणातली नळी हा आपल्याकडचा जुना लाड. शिजलेलं हाड ठिसूळ होतं आणि त्याच्या अणकुचीदार काचा होतात. कोंबडीचं तर विचारूच नका. नळीचा दुसरा धोका कमी जणांना माहीत असतो: आतला मगज चाटता चाटता ती कड्यासारखी खालच्या जबड्यात सुळ्यांच्या मागे जाऊन बसते आणि निघत नाही. मग भूल देऊन कापून काढावी लागते.

चामड्याची गाठ मारलेली पांढरी हाडं स्वस्त मिळतात म्हणून घरोघरी असतात. लाळेने ती फुगतात, बुळबुळीत होतात आणि मोठा लगदा एकदम घशात जातो. गिळणाऱ्या पिल्लाला ती अजिबात नको.

आकार, भोकं आणि वास

खेळणं पूर्ण तोंडात मावता कामा नये. चेंडू सुळ्यांच्या मागे सरकत असेल तर तो लहान आहे. टेनिसचा चेंडू लॅबच्या तोंडात दाबला जातो आणि घशाशी जाऊन पुन्हा फुगतो. शिवाय त्यावरची लव धूळ धरून दातांवर काचकागदासारखी घासते. फेकून आणायच्या खेळाला तो चालेल, चावत बसायला देऊ नका.

पोकळ खेळण्याला दोन भोकं आहेत का बघा. एकच भोक असेल तर आत जीभ घालून चाटताना हवा ओढली जाते, जीभ सुजते आणि अडकून बसते.

वास घ्या. रस्त्यावरच्या ढिगातल्या रंगीत प्लॅस्टिकला नाकात जाणारा उग्र दर्प येत असेल तर ते तिथेच ठेवा. मऊ पीव्हीसीमध्ये मऊपणासाठी घातलेली रसायनं लाळेत उतरतात. मुलांच्या खेळण्यांवर भारतात १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय खूण सक्तीची आहे, पण तो नियम १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी आहे. कुत्र्यांच्या खेळण्यांना असा सक्तीचा दाखला नाही. त्यामुळे "विषारी नाही" असं पाकिटावर छापलेलं वाचून निर्धास्त होऊ नका. वस्तू नेमकी कशापासून बनली आहे ते लिहिलंय का, हे बघा.

दुसऱ्या कुत्र्याची जुनी खेळणी, लसींचा कोर्स पूर्ण होण्याआधी, घरात आणू नका. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू वस्तूंवर कित्येक महिने टिकतो.

घरात आहे त्यातलं काय चालेल

जुन्या सुती फडक्याला पीळ देऊन गाठ मारा, ओलं करा आणि फ्रीजरमध्ये ठेवा. ठणकणाऱ्या हिरड्यांना याच्याइतका आराम दुसऱ्या कशाने मिळत नाही. फक्त समोर बसून द्यायचं आणि वितळलं की काढून घ्यायचं. मोठं गाजर गार करून चालतं. बोटाएवढं उरलं की परत घ्या. बर्फाचा अख्खा खडा नको, चुरा चालेल.

कोकणात शहाळं किंवा सोडणासकट नारळ अंगणात टाकून कुत्र्याला खेळायला देतात. ढकलायला मजेदार आहे हे खरं, पण काथ्याचे धागे पोटात गेले की गोळा होऊन अडकतात. करवंटीची धार हिरडी कापते. मी दोन्ही देत नाही.

जुनी चप्पल कधीही नको. आजची जुनी आणि उद्याची नवी यातला फरक पिल्लाला कळत नाही, आणि कोल्हापुरी चपलेला तर चामड्याचाच वास असतो.

अंगणातल्या काड्यांकडेही लक्ष द्या. आपल्या सोसायट्यांच्या कुंपणाला कण्हेर हमखास असते. तिची पानं, काडी, फूल सगळंच हृदयाला विषारी आहे, पिवळ्या कण्हेरीची बीसुद्धा. कुंड्यांमध्ये सायकस असेल तर तोही यकृतासाठी घातक. छाटणी झालेल्या दिवशी पिल्लाला खाली मोकळं सोडू नका.

खेळणं बरोबर आहे, तरी ते हात लावत नाही

पोकळ रबरी खेळण्याची कल्पनाच मुळात एका कुत्र्यावरून आली. अमेरिकेत १९७० च्या दशकात जो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवत होता. त्यांनी फोक्सवॅगन व्हॅन दुरुस्त करताना काढलेले भाग त्याच्याकडे टाकले, आणि त्यातला सस्पेन्शनचा एक रबरी तुकडा त्याने पकडला तो सोडेना. त्यावरून काँग नावाचं पोकळ रबरी खेळणं तयार झालं. त्यात पिल्लांसाठी फिकट निळा-गुलाबी मऊ प्रकार, मोठ्यांसाठी लाल आणि जबर चावणाऱ्यांसाठी काळा असतो. काळा पिल्लाला देऊ नका, तो त्याच्या दातांना कडक पडतो.

पण रिकामं रबर बऱ्याच पिल्लांना निरस वाटतं. आत खाणं हवं. दहीभात, शिजवलेला लाल भोपळा, कुस्करलेलं केळं, भिजवलेलं त्याचंच डॉग फूड, यातलं काहीही चालेल; मीठ-फोडणी नको. पहिल्या दिवशी सैल भरा, उलटं केलं की पडेल इतकं, म्हणजे त्याला यश लवकर मिळतं. मग घट्ट भरा. मग फ्रीजरमध्ये गोठवा. गोठवलेलं खेळणं पिल्लाला बराच वेळ गुंतवून ठेवतं आणि हिरड्यांनाही बरं वाटतं. भरलेलं खाणं दिवसभराच्या जेवणातून वजा करा. पीनट बटर घालणार असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) लिहिलेलं नाही ना ते बघा, कुत्र्यांना ते विष आहे. मनुका, बेदाणे, द्राक्षं, कांदा, लसूण, चॉकलेट आत जाता कामा नये.

सगळी खेळणी एकदम जमिनीवर पसरून ठेवू नका. दोन बाहेर, बाकी कपाटात, चार दिवसांनी अदलाबदल.

आणि त्याची झोप तपासा. पिल्लाला दिवसातून अठरा तासांच्या आसपास झोप लागते. संध्याकाळी सात ते नऊ वेड्यासारखं धावणारं, पडदे ओढणारं, पायाला लटकणारं पिल्लू बहुतेकदा पेंगुळलेलं असतं. घरात पाहुणे, मुलं, टीव्ही. दुपारी कोणी झोपूच दिलेलं नसतं. शांत कोपऱ्यात, भरलेलं खेळणं देऊन त्याला बसवा. चाटता चाटता डोळे मिटतात.

चार्जरची वायर, शेगडीची नळी यांच्याबाबत शिकवण्याच्या भरवशावर राहू नका. त्या पिल्लाच्या पोहोचीबाहेरच हव्यात.

तोंडातलं काढून घेताना

मागे धावू नका आणि जबडा उघडून ओढू नका. त्याने गिळणाऱ्याची घाई वाढते, आणि तोंडातली वस्तू राखत गुरगुरणारं कुत्रं इथेच घडतं. हातात चीजचा किंवा उकडलेल्या चिकनचा तुकडा घ्या, त्याच्या नाकाशी धरा, तोंड उघडलं की "सोड" म्हणा, खाऊ द्या. आणि दहापैकी आठ वेळा वस्तू त्याला परत द्या. परत मिळते हे कळलं की ते स्वतःच आणून तुमच्या पायाशी ठेवायला लागतं. ही सवय चांगली रुजली की धोक्याच्या दिवशी ती दवाखान्याची फेरी वाचवते.

एवढं करूनही फरक नसेल तर

खेळणी बदलली, वयाप्रमाणे दिली, झोप नीट झाली, तरी पिल्लू माती, खडे, भिंतीचा चुना, कापड अशा वस्तू शोधून शोधून गिळतंय, तर खेळण्यांवर आणखी पैसे घालवू नका. जंत, रक्तक्षय, पोटाचे विकार, अपुरं खाणं यांपैकी काहीही त्यामागे असू शकतं. सकाळच्या शीचा ताजा नमुना छोट्या डबीत घेऊन डॉक्टरकडे जा, जंताचं औषध शेवटचं कधी आणि किती वजनाला दिलं ते सांगा, आणि तोंड उघडून सगळ्या दाढा बघायला सांगा. रक्ताची तपासणी करायची का, ते तिथेच विचारून घ्या.